अंगराग आणि अहिंसा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत आष्टी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान, तीर्थक्षेत्रे, समाजाचा इतिहास असे गंभीर विषय योजलेले असताना माझ्या वाट्याला मात्र ‘घरच्या घरी तयार होणारी नैसर्गिक सौंदर्यप्रसाधने’ हा विषय आला आहे. महिला मंडळाने तो सुचविला आणि त्यावर कापडाच्या व्यापाऱ्याने बोलावे असा आग्रह धरला, तेव्हा प्रथम मलाही नवल वाटले. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही, शास्त्री तर नाहीच नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि जन्मभर गजकाठी हाती धरलेला माणूस. परंतु व्यापाऱ्याला एक सवय असते. माल घेण्यापूर्वी तो हाताने चाचपून पाहतो, शिक्का वाचतो, आणि सुती म्हणून आलेल्या ताग्यात मिश्र धागा किती हे विचारतो. तीच सवय आज मी साबणाच्या वडीला आणि मलमाच्या डबीला लावणार आहे, एवढाच माझा अधिकार समजावा.

विषय दिसतो तितका किरकोळ नाही. ताटात काय येते याविषयी आपण जितके जागरूक आहोत, तितके अंगाला काय लागते याविषयी आहोत काय, हा त्यातील मूळ प्रश्न होय. रात्रिभोजनाचा त्याग करणारे, कंदमूळ वर्ज्य करणारे, पाणी गाळल्याशिवाय न पिणारे आपले घर सकाळी न्हाणीघरात शिरताच तो सारा विवेक दाराबाहेर ठेवते. याचा विचार चार अंगांनी करू : धर्माची दृष्टी, बाजारातील वस्तुस्थिती, घरगुती कृती आणि शेवटी सौंदर्याविषयीची आपली समजूत.

धर्मात अंगरागाला स्थान आहे काय?

पहिला आक्षेप कोणीही घेईल. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आणि अदंतधावन आहेत, बारा भावनांमध्ये देहाच्या अपवित्रतेचे चिंतन करावयास सांगणारी अशुचि भावना आहे. मग देह सजविण्याची चर्चा धर्मसभेत कशासाठी? आक्षेप योग्य आहे. परंतु आपल्या आचार्यांनी मुनिधर्म आणि श्रावकधर्म यांत जाणीवपूर्वक अंतर ठेवले आहे. श्रावकाने देहाचे भोग एकदम सोडावेत असे त्यांनी म्हटले नाही. त्यांना परिमाण घालावे, म्हणजे मोजून मर्यादित करावे, असे म्हटले.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण व्रताचे विवेचन आहे. एकदाच उपयोगात येतो तो भोग. पुन्हा पुन्हा उपयोगात येतो तो उपभोग. भोजन हा भोग, वस्त्र हा उपभोग. या व्रतात ज्या गोष्टींना काळाची मर्यादा घालावयाची त्यांत भोजन, वाहन, शय्या, स्नान, वस्त्र आणि आभूषणे यांच्याबरोबर अंगरागाचाही, म्हणजे अंगाला लावावयाच्या लेपाचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्या अंगरागाला पवित्र हे विशेषण जोडलेले आहे. त्याच ग्रंथात उपवासाच्या दिवशी अलंकार, सुगंध, पुष्प, स्नान, अंजन यांचा त्याग सांगितला आहे. उपवासाच्या दिवशी सोडावयास सांगितले, याचा सरळ अर्थ असा की अन्य दिवशी गृहस्थाला त्यांची मुभा होती. मुभा आहे, पण अंगराग पवित्र हवा आणि त्याला मर्यादा हवी. या दोन अटी आपण शेवटपर्यंत लक्षात ठेवू.

श्वेतांबर आगमांतील उपासकदशांग सूत्राचे पहिले अध्ययन आनंद श्रावकाचे आहे. वाणिज्यग्रामचा हा गाथापती कोट्यवधींचा धनी होता, त्याच्या गोठ्यात चाळीस हजार गायी होत्या. भगवान महावीरांसमोर त्याने बारा व्रते घेतली, तेव्हा आपल्या नित्य वापराच्या वस्तूंची यादीच सांगितली आहे. दात घासण्यासाठी ओल्या ज्येष्ठमधाची काडी, मर्दनासाठी शतपाक आणि सहस्रपाक तेल, अंगाला चोळण्यासाठी एकच सुगंधी चूर्ण, स्नानासाठी मोजून आठ घडे पाणी, वस्त्रांची एकच जोडी, विलेपनासाठी अगरू, केशर आणि चंदन. याखेरीज सर्वांचा त्याग. केस धुण्यासाठी आवळाही या यादीत आहे. माझ्यासारख्या व्यापाऱ्याला ही यादी एखाद्या चोख हिशेबाच्या वहीसारखी वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक धनाढ्य व्यापारी तीर्थंकरांसमोर उभा राहून आपले उटणे आणि आपले स्नानाचे पाणी मोजून सांगतो, यापेक्षा या विषयाचे मोठे प्रमाणपत्र कोणते हवे? त्या यादीतील बहुतेक वस्तू वनस्पतिजन्य आहेत आणि संख्येने मोजक्या आहेत, हेही ध्यानात घ्यावे.

बाटलीत काय असते?

आता बाजाराकडे वळू. अन्नाच्या पाकिटावर हिरवा आणि तपकिरी ठिपका आपल्या देशात २००१ सालापासून आला आणि शाकाहारी कुटुंबांची मोठी सोय झाली. परंतु साबण, शाम्पू, क्रीम, ओठांचा रंग यांवर तसा ठिपका प्रत्येक वेळी दिसेलच असे नाही. म्हणून डबीमागील बारीक अक्षरे वाचण्यावाचून गत्यंतर नाही. ती इंग्रजीत आणि रसायनशास्त्राच्या भाषेत असतात. तथापि काही थोडे शब्द पाठ केले तरी पुष्कळ काम होते.

‘सोडियम टॅलोएट’ असे लिहिले असेल तर तो साबण प्राण्यांच्या चरबीपासून केलेला आहे. ‘सोडियम पामेट’ किंवा ‘सोडियम कोकोएट’ असेल तर ते पाम किंवा खोबरेल तेल होय. ‘लॅनोलिन’ म्हणजे मेंढीच्या लोकरीतील मेण. ‘कारमाईन’ किंवा ‘सी. आय. ७५४७०’ हा लाल रंग निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनियल नावाच्या कीटकांना वाळवून, कुटून काढतात. पेरू देशात त्याचे मोठे उत्पादन होते आणि एक किलो रंगासाठी लाखाहून अधिक जीव जातात. ओठांच्या लालीत आणि गालांच्या रंगात तो सर्रास असतो. ‘शेलॅक’ म्हणजे लाखेच्या किड्याचा स्राव. ‘कोलॅजेन’, ‘केराटिन’, ‘जिलेटिन’ हे बहुधा प्राण्यांची कातडी, हाडे, शिंगे, खूर, केस, पिसे यांतून येतात. ‘ग्लिसरीन’ आणि ‘स्टिअरिक ॲसिड’ वनस्पतीपासूनही मिळते आणि चरबीपासूनही; तेथे कंपनीला विचारल्याखेरीज निर्णय होत नाही. ‘सिल्क प्रोटीन’ किंवा ‘सेरिसिन’ यांविषयी तर मी अधिकाराने बोलू शकतो. रेशमाच्या अखंड धाग्यासाठी आतील जीवासह कोष उकळले जातात, हे प्रत्येक कापडवाल्याला ठाऊक असते. पर्वाच्या दिवशी रेशीम नेसणार नाही असा नियम घेतलेल्या भगिनी केसांना तेच रेशीम बाटलीतून लावतात, तेव्हा नियम मोडल्याची त्यांना जाणीवही नसते.

दुसरा भाग प्राण्यांवरील चाचण्यांचा. १९४४ साली अमेरिकेत जॉन ड्रेझ यांनी सशाच्या डोळ्यांत पदार्थ घालून दाह मोजण्याची पद्धत रूढ केली आणि पुढील अनेक दशके शाम्पू-काजळाच्या सुरक्षिततेसाठी असंख्य सशांचे डोळे गेले. आपल्याकडे पुणे येथे १९७४ साली सुरू झालेल्या ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या संस्थेच्या भारतीय शाखेने या प्रश्नावर दीर्घकाळ जनजागृती केली आहे. युरोपीय संघाने मार्च २०१३ मध्ये अशी प्रसाधने विकण्यावर पूर्ण बंदी आणली. भारत सरकारने मे २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांच्या आयातीसही बंदी घातली. अहिंसेचे एक पाऊल कायद्याने टाकले, ही समाधानाची बाब होय. परंतु चाचणी प्राण्यावर झाली नाही याचा अर्थ घटकपदार्थ प्राणिज नाहीत असा होत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही विचारले पाहिजेत.

येथे एक गोष्ट अभिमानाने सांगतो. चरबीचा साबण हाच साबण असे जग मानत असताना मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १९१८-१९ च्या सुमारास केवळ वनस्पती तेलापासून अंगाचा साबण तयार करून बाजारात आणला. अहिंसक माल करता येतो आणि तो विकलाही जातो, हे आपल्याच राज्यात शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे. ग्राहकाने मागणी केली तर कारखानदार ऐकतो, हा व्यापाराचा नियम आहे.

‘हर्बल’ आणि ‘नॅचरल’ या शब्दांविषयीही दोन शब्द. मध, मेण, लाख, मोती, रेशीम या साऱ्या नैसर्गिकच वस्तू आहेत. म्हणून नैसर्गिक म्हणजे अहिंसक असे समीकरण मांडता येत नाही. डबीवर कडुनिंबाच्या पानाचे चित्र असले तरी मागील बाजू वाचावीच लागते.

घरची कृती, पण आपल्या विवेकाने

मग घरीच का करू नये? अवश्य करावे. परंतु येथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. मासिकांतून, दूरदर्शनवरून आणि आता मोबाईलवरून ज्या घरगुती कृती येतात त्यांत मध, अंडे, बटाट्याचा रस, बीटचा रस, कोरफडीचा ताजा गर आणि ओली हळद यांचीच रेलचेल असते. मध तर मद्य आणि मांस यांच्या पंक्तीत बसविलेला त्याज्य पदार्थ. बटाटा, बीट आणि ओली हळद कंदमुळे. कोरफड परंपरेने अनंतकायात गणलेली. दिवाळीच्या बाजारी उटण्याचा पुडाही पाहावा : नागरमोथा, कचोरा, वाळा, अनंतमूळ, मंजिष्ठा, आंबेहळद. बहुतेक सर्व कंद किंवा मुळे. वाळलेली हळद आणि सुंठ आपल्यातील अनेक घरांत चालते, कारण ती अचित्त झालेली असते. त्याच न्यायाने कोणी वाळलेला नागरमोथा चालवून घेतील. परंतु मुळासाठी अख्खे झाड उपटावे लागते, हे उरतेच. याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या नियमानुसार आणि गुरुजनांना विचारून करावा. माझे म्हणणे इतकेच की, मूळ न उपटता, पान, फळ, साल आणि डाळ यांवरही उत्तम उटणे होते.

आपला जालना जिल्हा मोसंबीचा. रस काढल्यावर साल आपण उकिरड्यावर टाकतो. तीच साल स्वच्छ धुऊन, लहान तुकडे करून सावलीत कडकडीत वाळवली की उटण्याला सुगंध येतो. कृती अशी : मसूर किंवा मुगाच्या डाळीचे पीठ ४ वाट्या, मोसंबीच्या सालीचे चूर्ण १ वाटी, गळून पडलेल्या व वाळवलेल्या गुलाबपाकळ्यांचे चूर्ण १ वाटी, आवळकाठीचे चूर्ण अर्धी वाटी, कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांचे चूर्ण पाव वाटी. सर्व वस्तू दिवसाच्या उजेडात निवडून, शोधून, मगच दळाव्यात आणि मलमलीच्या फडक्यातून वस्त्रगाळ कराव्यात. भरड कणांनी त्वचा खरचटते, म्हणून चाळणीवर भागवू नये, मलमलच हवी. स्नानापूर्वी तिळाचे, खोबरेल किंवा आपल्या मराठवाड्यातील करडईचे तेल अंगाला लावून, लागेल तेवढेच चूर्ण पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे. डाळीचे पीठ तेल शोषून घेते आणि मळ सोबत नेते, हेच उटण्याचे साधे शास्त्र आहे.

केसांसाठी शिकेकाई ४ भाग, आवळकाठी २ भाग, रिठा १ भाग, मेथ्या १ भाग. शिकेकाई आणि रिठा यांच्या फळांत सॅपोनिन नावाचा नैसर्गिक फेनद्रव्याचा अंश असतो. त्यामुळे ती पाण्यात फेस देतात आणि तेलकटपणा काढतात. रिठ्याची ओळख आम्हा कापडवाल्यांना फार जुनी. जरीकाठी आणि लोकरी वस्त्रे धुण्यासाठी रिठ्याचेच पाणी वापरावे, असे दुकानातील जुनी माणसे गिऱ्हाइकाला सांगत, कारण साध्या साबणाचा क्षार नाजूक धाग्याला सोसत नाही. केसाची गोष्ट तीच. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो आणि साधा साबण क्षारधर्मी. म्हणून साबणाने केस राठ होतात, तर शिकेकाईचे पाणी सौम्य ठरते. हे मिश्रण गरम पाण्यात अर्धा तास भिजवून, हाताने कुस्करून, फडक्याने गाळून घ्यावे. गाळले नाही तर भुसा केसांत अडकतो आणि मग ‘जुन्या पद्धतीचा फार व्याप’ अशी तक्रार ऐकू येते. डोळे मात्र घट्ट मिटून घ्यावेत. रिठा डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो.

ओठ आणि टाचा फुटल्या तर कोकणातील कोकमतेल आहे. कोकमाच्या बियांतून निघणारे हे तेल नेहमीच्या तापमानाला मेणासारखे घट्ट राहते आणि ४० अंशांच्या आसपास वितळते. मधमाश्यांचे मेण, लॅनोलिन आणि चरबी या तिन्हींना हा वनस्पतीचा एकच पर्याय पुरेसा आहे. थोडे खोबरेल मिसळून, मंद गरम करून डबीत ओतले की मलम तयार.

मुलतानी मातीविषयी विचारले जाते. तेलकट त्वचेवरील तेल ती शोषते हे खरे; कोरड्या त्वचेला मात्र ती अधिकच कोरडी करते. शिवाय माती आणि पाणी या दोहोंत एकेंद्रिय जीव मानणाऱ्या आपल्या परंपरेने निष्कारण माती खणणे, पाणी सांडणे, पाने तोडणे याला प्रमादचर्या हा अनर्थदंडाचाच प्रकार मानले आहे. चेहऱ्यावरील लेप धुण्यासाठी बादल्या रिकाम्या होत असतील तर प्रसाधन घरचे असूनही हिंसा घटली नाही. आनंद श्रावकाचे आठ घडे येथे आठवावेत. दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला हे वेगळे सांगावयास नको.

काजळ घरी करणाऱ्या भगिनींनी ते रात्री उघड्या ज्योतीवर धरू नये. दिव्यावर झेपावणारे जीव त्यात जातात. आणि अगदी तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ, मग ते घरचे असो वा बाजारचे, घालू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. दृष्टीसाठी तीट लावावयाचीच असेल तर ती डोळ्यांपासून दूर असावी.

मर्यादेचा नियम

आता मी ज्या मुद्द्याला सर्वांत महत्त्वाचा मानतो त्याकडे येतो. बाजारातील क्रीम दोन-दोन वर्षे टिकते, कारण त्यात टिकाऊपणाची रसायने असतात. घरचे लेप ती टाळतात. पण मग ते नासतात. ओलसर पिठात आणि पाल्यात बुरशी व जंतू किती वेगाने वाढतात, हे आजचे विज्ञान सूक्ष्मदर्शकाखाली दाखविते. आपल्या स्वयंपाकघराला हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि हिवाळ्यात ७ दिवस, हा दिगंबर परंपरेतील शोधाचा नियम आपल्या आजी-आईंना तोंडपाठ असे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटे. ताटासाठी असलेला हा नियम उटण्यालाही लावला की धर्म आणि आरोग्य दोन्ही सांभाळले जातात.

म्हणून, पीठ आणि चूर्णे वेगवेगळी ठेवावीत. साली, पाने, आवळकाठी कोरडी असता अधिक टिकतात. पीठ मात्र लागेल तेव्हा ताजे दळून मिसळावे. पाण्यात कालवलेला लेप त्याच वेळी संपवावा. उरला तर दुसऱ्या दिवसासाठी शीतकपाटात ठेवू नये. डबा कोरडा, चमचा कोरडा, आणि डब्यावर तयार केल्याची तिथी लिहिलेली असावी. पावसाळ्यात आवळकाठीला व शिकेकाईला कीड लागते; त्यामुळे त्या चार महिन्यांत साठा करूच नये. चातुर्मासात आपण कितीतरी वस्तू वर्ज्य करतो, त्यांत ही एक भर.

एवढे करूनही प्रत्येक वनस्पती प्रत्येकाला मानवते असे नाही. नवे चूर्ण आधी कोपराच्या आतील बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी; लाली, खाज, पुरळ आल्यास ते वापरू नये. लिंबाचा रस लावून उन्हात जाऊ नये. लिंबातील द्रव्य आणि ऊन यांच्या संयोगाने त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. बावचीचेही तसेच, ती वैद्याच्या सल्ल्याशिवाय हाताळू नये. खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावू नये. वांग, कोड, पिकलेल्या तारुण्यपीटिका हे उटण्याचे विषय नाहीत, त्वचारोगतज्ज्ञाचे आहेत. घरगुती उपायांनी रोग लांबणीवर टाकणे ही स्वतःच्याच देहाची हिंसा होय.

व्यापारी बांधवांना आणि बचत गट चालविणाऱ्या भगिनींना एक सूचना. घरच्यापुरते करणे आणि विकणे यांत कायद्याने फरक केला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी प्रसाधने तयार करावयाची तर परवाना लागतो. हौसेचे रूपांतर धंद्यात करताना हे पाहून घ्यावे.

गोरेपणाचे मोल

शेवटचा मुद्दा अप्रिय आहे, पण तो टाळला तर हे भाषण अपुरे राहील. उटणे मळ काढते. ते रंग बदलत नाही. घरचे असो वा बाजारचे, कोणतेही सौम्य आणि निरुपद्रवी द्रव्य जन्मजात वर्ण बदलू शकत नाही. तरीही गोरे होण्याची हाव सुटत नाही, आणि त्या हावेवर फार मोठा बाजार उभा आहे. आपल्या देशात १९७५ साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० साली काढावा लागला, इतका या विचारसरणीवर टीकेचा भार पडला. नाव बदलले, मने बदलली काय?

या हावेची किंमत किती पडते ते ऐका. २०२२ साली विदर्भातील अकोल्याच्या एकाच घरातील आई आणि दोन मुलींना मूत्रपिंडाचा विकार जडला. कारण सापडत नव्हते. अखेर मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा त्या तिघी वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पाऱ्याचे मोठे प्रमाण आढळले. २०२३ च्या जानेवारीत हे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून चार दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पण तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने प्रसाधनांतील पारा हद्दपार करण्याचे ठरविले आहे. तरीही घटकांची यादी नसलेल्या डब्या बाजारात फिरतात. काही मलमांत स्टेरॉइड असते. त्याने प्रथम चेहरा उजळतो आणि पुढे त्वचा पातळ होऊन लाल पडते. म्हणून माझी विनंती आहे की, ज्या डबीवर निर्मात्याचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक छापलेले नाहीत ती घरात आणू नये. बिनशिक्क्याचा तागा मी दुकानात घेत नाही. तुम्ही बिननावाचे मलम मुलीच्या चेहऱ्याला कसे लावता?

आणि मुलगी ते का लावते, याचेही उत्तर आपणच दिले पाहिजे. आपल्या वधू-वर परिचय पुस्तिका उघडून पाहा. शिक्षण, उंची, गोत्र यांच्या शेजारी ‘वर्ण’ हा रकाना असतो आणि त्यात ‘गोरा’, ‘गव्हाळ’, ‘सावळा’ असे भरलेले असते. चोवीस तीर्थंकरांचे वर्ण आपण भक्तीने पाठ करतो. त्यांत मुनिसुव्रत आणि नेमिनाथ श्यामवर्ण आहेत, मल्लिनाथ आणि पार्श्वनाथ यांना कोणी नीलवर्ण तर कोणी हरितवर्ण म्हणतात. श्यामवर्ण प्रतिमेपुढे हात जोडणारा समाज सावळ्या मुलीचे स्थळ बाजूला ठेवतो, हे कोणत्या आगमात बसते? पर्युषणात उत्तम शौच धर्मावर प्रवचन ऐकताना शौच म्हणजे लोभाचा अभाव असे आपण ऐकतो. गोऱ्या सुनेचा लोभ हाही लोभच आहे.

समारोप

माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : प्रत्येक घराने या आठवड्यात न्हाणीघरातील आणि आरशापुढील सर्व बाटल्या एकत्र मांडून मोजाव्यात, त्यांवरील घटक वाचावेत आणि किती ठेवावयाच्या याचा नियम घ्यावा. तो जन्मभराचा नसला तरी चालेल. आचार्यांनी दिवस, पक्ष, महिना, ऋतू अशा काळाच्या मर्यादेचे नियमही सांगितले आहेत. दुसरी : या दिवाळीपासून महिला मंडळाने कंदमूळविरहित उटण्याची कृती छापून घरोघर द्यावी. चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आणि त्यानंतर भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू, असा आपल्या घरांचा क्रम असतो. निर्वाणकल्याणकाच्या आदल्या दिवशी अंगाला लागणारे उटणे तरी निर्हिंसक असावे. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची : सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टने ठराव करून यापुढील वधू-वर परिचय पुस्तिकेतून ‘वर्ण’ हा रकाना वगळावा. त्यासाठी एक पैसाही खर्च येणार नाही आणि समाजातील कितीतरी मुलींच्या मनावरचे ओझे उतरेल.

आपल्या न्हाणीघरात अहिंसा आणि आपल्या दृष्टीत समता यावी, एवढीच या प्रसंगी वीतराग प्रभूंच्या चरणी प्रार्थना करतो. 

जय जिनेंद्र!